फोर्कलिफ्टच्या उचल यंत्रणेतील बिघाड

फोर्कलिफ्टचे काटे भार घेऊन वर न जाणे, अपेक्षेपेक्षा हळू जाणे, अर्ध्यावर थांबणे किंवा वर गेल्यावर आपोआप खाली घसरणे, या दोषांना एकत्रितपणे फोर्कलिफ्टच्या उचल यंत्रणेतील बिघाड असे म्हणतात. बहुतेक फोर्कलिफ्टमध्ये भार उचलण्याचे काम दाबाखालील तेलाने चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा करते. त्यामुळे दोष तेल, पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर, साखळ्या, मास्ट किंवा पंपाला शक्ती पुरवणारे इंजिन अथवा बॅटरी यांपैकी कोठेही असू शकतो.

निदान करताना दाब आणि प्रवाह या दोन राशींमधील फरक ध्यानात घेणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. भार उचलला जाईल की नाही हे तेलाच्या दाबावर अवलंबून असते, तर तो किती वेगाने उचलला जाईल हे तेलाच्या प्रवाहावर अवलंबून असते. हा फरक लक्षात न घेता सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि मूळ दोष तसाच राहतो. शिवाय, भार न उचलला जाणे हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. भार क्षमतेपेक्षा जास्त असल्यास यंत्रणेने तो नाकारणे हेच अपेक्षित असते. अशा वेळी दाब वाढवून भार उचलण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरू शकतो.

## पार्श्वभूमी

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडले. जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले आणि या तत्त्वाला औद्योगिक उपयोग मिळाला. लहान क्षेत्रफळावर लावलेल्या बलातून मोठ्या क्षेत्रफळावर अनेकपट बल मिळवणे हा त्याचा गाभा होय. आजच्या फोर्कलिफ्टचा उचल सिलिंडर याच तत्त्वावर चालतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतील कारखान्यांत माल वाहून नेणाऱ्या स्वयंचलित गाड्या वापरात आल्या. येल कंपनीने १९२३ मध्ये उभ्या मास्टवर वर-खाली सरकणारे काटे असलेली विजेवर चालणारी गाडी बनवली. आधुनिक फोर्कलिफ्टचा आरंभ सामान्यतः या गाडीपासून मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामानाच्या चढ-उतारासाठी फोर्कलिफ्ट आणि लाकडी पॅलेट यांचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला व युद्धानंतर तो गोदामे, बंदरे आणि कारखाने यांत स्थिरावला. महाराष्ट्रात न्हावा शेवा बंदर परिसर, भिवंडीची गोदामे, चाकण औद्योगिक पट्टा आणि नाशिक भागातील शीतगृहे येथे ही वाहने नित्य वापरात दिसतात.

## रचना व कार्य

### मुख्य भाग

* तेलाची टाकी व गाळणी : हायड्रॉलिक तेल टाकीत साठवलेले असते. पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळीची गाळणी असते. तेलाची पातळी खाली-वर होताना हवा आत-बाहेर जावी म्हणून टाकीला ब्रीदर असतो.
* पंप : बहुधा गिअर पंप वापरतात. डिझेल किंवा गॅसवर चालणाऱ्या वाहनात तो इंजिनवर फिरतो, तर विजेवर चालणाऱ्या वाहनात त्यासाठी स्वतंत्र मोटर असते.
* नियंत्रण व्हॉल्व्ह : चालकाने तरफ ओढली की या व्हॉल्व्हमधील स्पूल सरकतो आणि तेलाला उचल सिलिंडरचा मार्ग मिळतो. मास्ट पुढे-मागे कलवण्यासाठी वेगळा स्पूल असतो.
* रिलीफ व्हॉल्व्ह : दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो व तेल टाकीत परत पाठवतो. त्याच्या स्प्रिंगचा ताण निर्मात्याने निश्चित केलेला असतो.
* उचल सिलिंडर : तेलाच्या दाबाने यातील दांडा वर सरकतो. खाली येण्यासाठी बहुधा तेलाचा दाब लागत नाही. भाराच्या वजनानेच दांडा खाली येतो.
* मास्ट, साखळ्या व कॅरेज : मास्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पोलादी चौकटी. काटे ज्या आडव्या चौकटीवर बसवलेले असतात तिला कॅरेज म्हणतात. कॅरेजला बांधलेल्या साखळ्या मास्टच्या आतील चौकटीवरील चाकांवरून जातात.
* प्रवाह-नियामक व्हॉल्व्ह : भार खाली येताना तेल ठरावीक वेगानेच बाहेर पडावे, यासाठी हा व्हॉल्व्ह असतो. वर जाताना तो तेलाला मोकळी वाट देतो.

### दाबाचा हिशेब

नेहमीच्या दोन टप्प्यांच्या मास्टमध्ये साखळीचे एक टोक स्थिर भागाला आणि दुसरे कॅरेजला जोडलेले असते. त्यामुळे सिलिंडरचा दांडा जेवढा वर जातो त्याच्या दुप्पट अंतर काटे वर जातात. अंतर दुप्पट मिळते, म्हणून सिलिंडरला बलही दुप्पट लावावे लागते.

उदाहरणादाखल २,००० किलोग्रॅम भार, ३०० किलोग्रॅम वजनाचे कॅरेज व काटे, २०० किलोग्रॅम वजनाची आतील चौकट आणि ५० मिलिमीटर व्यासाचे दोन उचल सिलिंडर घेऊ. भार व कॅरेज मिळून २,३०० किलोग्रॅम होतात. त्याची दुप्पट ४,६००; त्यात आतील चौकटीचे २०० मिळवल्यास सिलिंडरांवर एकूण ४,८०० किलोग्रॅम येतात. दोन्ही सिलिंडरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ३९.३ चौरस सेंटीमीटर असल्याने, घर्षण वगळता, तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १२२ किलोग्रॅम असावा लागतो. काटे रिकामे असताना मात्र जेमतेम २० किलोग्रॅम दाब पुरतो.

समजा, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली आणि तो १०० किलोग्रॅम दाबालाच उघडू लागला. अशी फोर्कलिफ्ट रिकामे काटे नेहमीच्याच वेगाने उचलेल, दीड टन भारही उचलेल. परंतु सुमारे १,५६० किलोग्रॅमच्या पुढचा भार जागचा हलणार नाही. म्हणूनच रिकामे काटे वर जातात, याचा अर्थ यंत्रणा निर्दोष आहे असा होत नाही.

प्रवाहाचा हिशेब वेगळा आहे. याच उदाहरणात पंप मिनिटाला ४० लिटर तेल देत असेल, तर दांडा सेकंदाला सुमारे १७ सेंटीमीटर आणि काटे सुमारे ३४ सेंटीमीटर वर जातात. तेल निम्मेच पोहोचले तर वेगही निम्मा होतो. पण दाब टिकून असेल तोवर भार उचलला जातोच.

## बिघाडाची कारणे

### तेल व पंपाची आवक

तेलाची पातळी कमी असणे हे सर्वांत साधे आणि वारंवार आढळणारे कारण आहे. पातळी कमी असल्यास काटे काही उंचीपर्यंत व्यवस्थित जातात आणि मग थांबतात, कारण सिलिंडर पूर्ण भरण्याइतके तेलच टाकीत उरत नाही. पातळी नेहमी काटे पूर्ण खाली टेकवून व मास्ट निर्मात्याने सांगितलेल्या स्थितीत ठेवून पाहावी. काटे वर असताना पाहिल्यास सिलिंडरमधील तेल हिशेबात येत नाही आणि टाकीत जादा तेल ओतले जाते.

गाळणी चोंदल्यास किंवा आवक नळी आतून चिमटल्यास पंपाला पुरेसे तेल मिळत नाही. तेलात पोकळ बुडबुडे तयार होऊन फुटतात व पंपातून खडे घुसळल्यासारखा आवाज येतो. या अवस्थेत पंप चालवत राहिल्यास त्याच्या आतील पृष्ठभागाची झीज होते. आवक नळीच्या सांध्यातून हवा शिरल्यास तेलावर फेस येतो आणि काटे धक्के घेत वर जातात. फेसाळलेले तेल काही वेळ स्थिर ठेवल्यास स्वच्छ होते. पाणी मिसळून दुधट झालेले तेल तसे सहज निवळत नाही. या फरकावरून हवा शिरली आहे की पाणी, याचा अंदाज येतो.

तेलाचा दाटपणा तापमानानुसार बदलतो. शीतगृहात दाट झालेले तेल हळू वाहते, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत उचल मंद होते. याउलट उन्हाळ्यात दुपारी तेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपातील फटींतून अधिक गळते. सकाळी भार उचलणारी फोर्कलिफ्ट दुपारी तोच भार उचलत नसेल, तर तेलाच्या दर्जाबरोबर पंपाची व सिलांची झीजही तपासावी लागते.

### पंप

पंपाला फिरवणारी जोडणी, चावी किंवा शाफ्टचे दाते तुटल्यास इंजिन सुरू असूनही पंप फिरत नाही आणि उचल व कल दोन्ही बंद पडतात. याहून अधिक आढळणारा दोष म्हणजे पंपाची हळूहळू होणारी झीज. गिअरचे दाते आणि पंपाचे कवच यांच्यातील फट वाढली की दाबाखालील तेल मागे गळते. दाब जितका जास्त, तितकी ही गळती जास्त. म्हणून रिकामे काटे जवळजवळ नेहमीच्या वेगाने जातात, पण भार वाढेल तसा वेग घटत जातो.

### रिलीफ व्हॉल्व्ह

स्प्रिंग थकणे, बैठकीची झीज होणे किंवा बैठकीवर कचऱ्याचा कण अडकणे या कारणांनी रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो किंवा पूर्ण बंदच होत नाही. पंपाची झीज आणि रिलीफ व्हॉल्व्हचा दोष यांची लक्षणे वरवर सारखी वाटली तरी त्यांत ओळखता येण्याजोगा फरक आहे. झिजलेल्या पंपात भारानुसार वेग क्रमाक्रमाने कमी होतो व इंजिनाची गती वाढवल्यास उचल काहीशी सुधारते. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा ताण कमी झाला असल्यास एका ठरावीक भारापर्यंत सर्व सुरळीत चालते आणि त्यापुढे उचल एकाएकी थांबते. तेल निसटल्याचा घोंघावणारा आवाज येतो आणि इंजिनाची गती वाढवून काहीच फरक पडत नाही.

### नियंत्रण व्हॉल्व्ह व नळ्या

तरफेची जोडणी सैल झाल्यास तरफ पूर्ण ओढूनही स्पूल पूर्ण सरकत नाही आणि तेलाची वाट अर्धवटच उघडते. विद्युत नियंत्रण असलेल्या वाहनांत सोलेनॉइडची गुंडाळी जळणे किंवा तारेचा सांधा निसटणे यामुळेही हेच घडते.

दुरुस्तीनंतर लगेच उद्भवणाऱ्या दोषांत प्रवाह-नियामक व्हॉल्व्ह उलटा बसवला जाणे हा दोष लक्षणीय आहे. अशा वेळी काटे फार हळू वर जातात आणि खाली मात्र धोकादायक वेगाने येतात. व्हॉल्व्हवरील बाणाची दिशा पाहून ही चूक टाळता येते.

### उचल सिलिंडर

सिलिंडरचे सील झिजले किंवा आतील भिंतीवर ओरखडे पडले, तर तेल दट्ट्याच्या बाजूने निसटते. उचल मंद होते आणि तरफ मध्यस्थितीत असतानाही वर नेलेला भार हळूहळू खाली घसरतो. पंप झिजला असेल तर असे घसरणे दिसत नाही, कारण तरफ मध्यस्थितीत असताना स्पूलने तेलाची वाट बंद केलेली असते. त्यामुळे घसरण हे सिलिंडरकडे किंवा स्पूलमधून होणाऱ्या गळतीकडे निर्देश करणारे लक्षण आहे. दांड्याच्या तोंडाशी तेलाचा ओघळ दिसत असल्यास सील निकामी झाल्याचे सहज कळते.

### मास्ट व साखळ्या

दाब आणि प्रवाह योग्य असूनही भार वर जात नसेल तर अडथळा यांत्रिक असतो. मास्टचे रोलर अडकणे, आघाताने मास्टची चौकट वाकणे, वंगणाअभावी घर्षण वाढणे किंवा दोन साखळ्यांची लांबी असमान होऊन कॅरेज तिरपे होणे ही त्याची कारणे आहेत. मालाची कड रॅकच्या आडव्या पट्टीखाली अडकल्यानेही काटे थांबतात. हा बिघाड नसला तरी तो बिघाड समजून तरफ ओढत राहिल्यास रॅक कोसळू शकतो.

तीन टप्प्यांच्या मास्टमध्ये सुरुवातीला मधला सिलिंडर केवळ कॅरेज उचलतो आणि नंतर बाजूचे सिलिंडर संपूर्ण मास्ट वाढवतात. दुसऱ्या टप्प्याला अधिक दाब लागतो. म्हणून भार थोडा उचलला जाऊन टप्पा बदलण्याच्या जागीच थांबत असेल, तर प्रथम दाब कमी पडत असल्याची शंका घ्यावी.

### इंजिन, बॅटरी व सुरक्षा स्विच

भार उचलताना इंजिन दबून बंद पडू लागले तर दोष बहुधा पंपात नसून इंजिनात असतो. हवेचा किंवा इंधनाचा फिल्टर चोंदणे हे त्याचे नेहमीचे कारण होय. विजेवर चालणाऱ्या वाहनांत बॅटरीची पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की नियंत्रक उचल बंद करतो आणि केवळ चार्जिंगच्या जागेपर्यंत गाडी चालू देतो. बॅटरीचे आयुष्य राखण्यासाठी ही योजना असते. मोटरचे ब्रश झिजणे, कॉन्टॅक्टरची टोके जळणे, फ्यूज उडणे आणि बॅटरीच्या टोकांवर क्षार साचणे ही अन्य कारणे आहेत.

अनेक आधुनिक फोर्कलिफ्टमध्ये चालक आसनावर बसलेला नसेल तर उचल यंत्रणा चालत नाही. आसनाखालील स्विच बिघडल्यास चालक बसलेला असूनही काटे हलत नाहीत.

## निदानाचा क्रम

निदान साध्याकडून अवघडाकडे आणि बाह्य पाहणीकडून अंतर्गत तपासणीकडे नेणे श्रेयस्कर मानले जाते.

1. भाराची खातरजमा : मालाचे वजन क्षमता-पाटीशी ताडून पाहावे. ५० किलोग्रॅमच्या ४० सिमेंटच्या गोण्यांचे वजन २,००० किलोग्रॅम होते. त्याखालील लाकडी पॅलेटचे वजन वेगळे. दोन टन क्षमतेच्या वाहनासाठी हा भार मर्यादेबाहेरचा आहे.
2. बाह्य पाहणी : तेलाची पातळी, गळतीचे डाग, नळ्यांची स्थिती, साखळ्यांचा ताण आणि मास्टमधील अडथळे पाहावेत.
3. शक्तिस्रोत : इंजिनाची गती अथवा बॅटरीची पातळी, फ्यूज आणि आसनाखालील स्विच तपासावेत.
4. कल चाचणी : काटे रिकामे व जमिनीलगत ठेवून मास्ट पुढे-मागे कलवून पाहावा. कल व्यवस्थित चालत असेल आणि उचल मुळीच होत नसेल, तर दोष उचल स्पूल, उचल सिलिंडर किंवा मास्ट यांत असण्याची शक्यता अधिक. दोन्ही बंद असतील तर तेल, पंप व रिलीफ व्हॉल्व्ह यांकडे पाहावे. स्टिअरिंग चालते एवढ्यावरून पंप निर्दोष ठरत नाही, कारण अनेक वाहनांत तेलाचा पहिला वाटा स्टिअरिंगला मिळतो.
5. भारानुसार तुलना : रिकामे काटे, अर्धा भार आणि पूर्ण मान्य भार अशा तीन स्थितींत, काटे जमिनीपासून थोडेच वर नेऊन, उचलण्याचा वेग पाहावा. वेग क्रमाने घटतो की एका भाराला एकाएकी थांबतो, यावरून पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांतील दोष वेगळा काढता येतो.
6. दाब चाचणी : नियंत्रण व्हॉल्व्हवरील चाचणी-छिद्राला दाबमापक जोडून, मास्ट मागे पूर्ण कलवून तरफ काही क्षणच धरून ठेवावी. मिळालेला दाब निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावा. काही वाहनांत कल यंत्रणेला स्वतंत्र व कमी दाबाचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तेथे ही चाचणी पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच करावी. तरफ जास्त वेळ धरल्यास तेल वेगाने तापते.
7. प्रवाह चाचणी : दाब कमी आढळल्यास प्रवाहमापकाच्या साहाय्याने पंप तपासतात. पंपाचे निर्गम तोंड थेट बंद करून चाचणी घेणे धोक्याचे असते, कारण रिलीफ व्हॉल्व्ह त्यापुढे असल्याने पंपाला संरक्षण उरत नाही आणि कवच फुटू शकते.

### लक्षणे व संभाव्य कारणे

* उचल व कल दोन्ही बंद : तेल संपणे, पंपाची जोडणी तुटणे, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकणे, विद्युत वाहनात पंपाची मोटर बंद असणे.
* कल चालतो, उचल होत नाही : उचल स्पूल किंवा तरफेची जोडणी, मास्टमधील अडथळा, उचल बंद करणारी बॅटरी-सुरक्षा.
* रिकामे काटे जातात, भार जात नाही : जादा भार, रिलीफ व्हॉल्व्हचा ताण कमी होणे, पंपाची तीव्र झीज.
* उचल सर्व भारांना मंद : चोंदलेली गाळणी, दाट तेल, अर्धवट सरकणारा स्पूल, उलटा बसवलेला प्रवाह-नियामक व्हॉल्व्ह.
* धक्के घेत उचल : तेलात हवा, मास्टमधील घर्षण, असमान साखळ्या.
* ठरावीक उंचीवर थांबणे : तेलाची पातळी कमी, मास्ट वाकणे, टप्पा बदलताना दाब कमी पडणे.
* उचललेला भार घसरणे : सिलिंडरचे सील झिजणे, स्पूलमधून गळती.

## रिलीफ व्हॉल्व्ह आणि वाहन उलटण्याचा धोका

भार उचलला जात नाही असे दिसताच रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी आढळते. तसे केल्याने कधी कधी भार उचललाही जातो, परंतु मूळ दोष झाकला जातो आणि नळ्या, सील, साखळ्या व मास्ट यांवर त्यांच्या रचनेत न धरलेला ताण येतो. रिलीफ व्हॉल्व्हची जुळवणी दाबमापक लावून आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच करणे आवश्यक असते.

दुसरी गैरसमजूत अशी की रिलीफ व्हॉल्व्ह असल्याने फोर्कलिफ्ट झेपेल तेवढाच भार उचलते. हे अर्धसत्य आहे. रिलीफ व्हॉल्व्हला केवळ वजन जाणवते. ते वजन काट्यांवर किती पुढे आहे हे जाणवत नाही. उलटण्याचा धोका मात्र वजन व अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. फोर्कलिफ्ट हा पुढच्या चाकांवर टेकलेला तराजू मानल्यास एका बाजूला भार आणि दुसऱ्या बाजूला वाहनाच्या मागील ओतीव लोखंडाचा प्रतिभार असतो.

समजा, पुढच्या चाकांच्या आसापासून काट्यांच्या उभ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर ४५० मिलिमीटर आहे आणि क्षमता ५०० मिलिमीटर भारकेंद्राला २,००० किलोग्रॅम आहे. म्हणजे भाराचा मध्य आसापासून ९५० मिलिमीटर अंतरावर येतो. माल लांब असल्यामुळे भारकेंद्र ७०० मिलिमीटरवर गेले, तर हे अंतर १,१५० मिलिमीटर होते आणि तोच तोल राखण्यासाठी भार सुमारे १,६५० किलोग्रॅमपर्यंत खाली आणावा लागतो. हायड्रॉलिक यंत्रणा मात्र २,००० किलोग्रॅम विनातक्रार उचलेल आणि मागची चाके जमीन सोडू लागतील. मास्ट जितका उंच तितका तोल अधिक नाजूक होतो. वाहनाला जादा जोडसाधन बसवले असेल तर त्याचे वजन व जाडी यांमुळे क्षमता आणखी घटते. त्यासाठी सुधारित क्षमता-पाटी लावतात.

प्रतिभार वाढवण्यासाठी मागे माणसे उभी करणे ही याच चुकीची पुढची पायरी होय. त्यामुळे माणसे पडण्याचा धोका निर्माण होतोच, शिवाय मास्ट व पुढचा आस यांवर मर्यादेबाहेरचा भार येतो.

## दुरुस्तीच्या वेळची सुरक्षितता

* उचललेल्या काट्यांखाली किंवा मास्टच्या चौकटींमध्ये हात, पाय वा डोके घालू नये. मास्ट वर ठेवूनच काम करायचे असल्यास तो ठोकळ्यांनी किंवा साखळीने यांत्रिकरीत्या अडवावा. केवळ तेलाच्या दाबावर टेकलेला मास्ट आधार मानला जात नाही.
* कोणतीही नळी सोडवण्यापूर्वी काटे जमिनीवर टेकवावेत, इंजिन किंवा विद्युतपुरवठा बंद करावा आणि तरफा हलवून उरलेला दाब काढून टाकावा.
* भार वर अडकला असेल तर नळी सैल करून तो खाली आणण्याचा प्रयत्न करू नये. निर्मात्याने दिलेला हाताने भार उतरवण्याचा व्हॉल्व्ह पुस्तिकेप्रमाणे वापरावा.
* काटे खाली येताना साखळ्या सैल पडल्या तर कॅरेज किंवा मास्ट वर अडकला आहे असे समजावे. अडथळा सुटताच भार एकदम कोसळू शकतो. अशा वेळी उतरवणे थांबवून परिसर मोकळा करावा आणि तरफ सावकाश उचलीकडे नेऊन साखळ्या पुन्हा ताणात आणाव्यात.
* सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उच्च दाबाने निघणारे तेल त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. जखम बाहेरून क्षुल्लक दिसली तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज भासू शकते. गळती हाताने चाचपू नये; पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी.
* दोष आढळलेल्या वाहनाची किल्ली काढून त्यावर सूचनापाटी लावावी, म्हणजे पुढच्या पाळीतील चालक ते अजाणता वापरणार नाही.

## प्रतिबंधक देखभाल

उचल यंत्रणेतील बहुतेक दोष हळूहळू वाढणारे असल्याने नियमित पाहणीत ते आधीच लक्षात येतात. रोज काम सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी, गळती, साखळ्या, काटे व तरफांची हालचाल पाहण्याची पद्धत जगभर रूढ आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा नियमांनुसार फोर्कलिफ्ट वापरात आणण्यापूर्वी तिची दररोज तपासणी करावी लागते आणि चोवीस तास वापर असल्यास प्रत्येक पाळीनंतर तपासणी करावी लागते. असुरक्षित आढळलेले वाहन दुरुस्तीपर्यंत वापरातून काढावे लागते.

साखळीच्या कड्या झिजल्याने तिची लांबी वाढते. मूळ लांबीपेक्षा ३ टक्के वाढ झाल्यास साखळी बदलण्याचा संकेत आहे. काट्याच्या वळणापाशी जाडी १० टक्क्यांनी घटल्यास तो काटा बाद मानतात. तेल व फिल्टर निर्मात्याने दिलेल्या कामाच्या तासांनुसार बदलावेत. सिमेंट, कोळसा, धान्य यांसारख्या धुळीच्या ठिकाणी ब्रीदरची जाळी अधिक वेळा स्वच्छ करावी लागते. नवे तेल स्वच्छ भांड्यातून व गाळून भरल्यास रिलीफ व्हॉल्व्ह आणि स्पूल अडकण्याचे प्रकार बरेच कमी होतात.

उचलण्यास लागणारा वेळ नोंदवून ठेवणे ही अल्पखर्चिक व उपयुक्त पद्धत आहे. एकच ठरावीक भार ठरावीक उंचीवर नेण्यास लागणारे सेकंद दरमहा टिपल्यास पंपाची झीज भार उचलणे बंद पडण्याच्या कितीतरी आधी आकड्यांत दिसू लागते.

## हे सुद्धा पहा

* हायड्रॉलिक प्रेस
* पास्कलचा नियम
* गिअर पंप
* यारी
* पॅलेट
* औद्योगिक सुरक्षा